गादी लासूरला, पलंग पुंडलिकनगरला

आमच्या घरात गादी म्हटलं की ती दुकानातली. ती झोपायची नव्हती, बसायची होती. लासूर स्टेशनच्या मार्केटात वडिलांची आडत होती. तिथं एक तक्तपोस होता, म्हणजे सपाट फळ्यांचा बुटका पलंगच, त्याच्यावर कापसाची जाड गादी, वर पांढरी चादर, पाठीला लोड आणि लोडाला टेकून वडील. मका-कांदा घेऊन आलेली माणसं खाली सतरंजीवर बसायची. वडील वारले तेव्हा तेरावं उरकल्यावर भावकीतल्या चार मोठ्या माणसांनी दादाचा हात धरून त्याला त्या गादीवर बसवलं. माय आणि मी दुकान आणि घराच्या मधल्या दारातून बघत होतो. दादा थोरला, मी धाकटी. गादी दादाला गेली, मला साडी-चोळी मिळाली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

माय त्या गादीवर कधी बसली नाही. ती झोपायची बाजेवर. सुंभानं विणलेली बाज, तिचे पाय वर्षानुवर्षं तेच, फक्त सुंभ बदलायचं. बाज ढिली पडली की माय पायथ्याच्या लाकडावर पाय रोवून दोरी ताणायची, एकेक पेड ओढत जायची, आणि झालं की तळहातानं वर एक थाप मारायची. आवाज ऐकायची. "बोलली पायजे बाज," म्हणायची. "नाय बोलली तर कंबर बोलंल." बदबद आवाज आला तर पुन्हा ताणायची. झोपायच्या वस्तूकडं इतकं लक्ष देणारं दुसरं माणूस मी आमच्या घरात पाहिलं नाही, आणि त्याचं कारणही साधं होतं. दिवसभरात तिला पाठ टेकायला मिळायची ती तेवढीच.

आमच्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. पहिला नव्हे, पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडं ते कुणी सांगत नाही. लासूरहून सकाळच्या पॅसेंजरनं औरंगाबादला, संध्याकाळच्या गाडीनं परत. वडील नको म्हणत होते, दादा हसत होता. माय एवढंच म्हणाली, "जाऊ द्या तिला. माझं काय चाललंय ते बघून तरी शहाणी व्हईल." गाडीतून उतरून मार्केटातून घरी जाताना हमाल म्हणायचे, "आल्या का कलेक्टरीणबाई?" मी मान वर करून जायची. पदवीदानाचा काळ्या झग्यातला माझा फोटो आहे. तो मायनं धान्याच्या कोठीशेजारी खिळ्याला लावला होता. दादानं नवं घर बांधलं तेव्हा तो फोटो जुन्या घरातच राहिला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

नंतर मी शहरात शिक्षिका झाले, लग्न झालं, पुंडलिकनगरला आम्ही घर घेतलं. साधं घर, पण दारावरच्या पाटीवर माझं नाव ह्यांच्या नावाच्या शेजारी होतं, खाली नव्हतं.

माय पडली ती दादाच्या त्या नव्या घरात. न्हाणीतली फरशी गुळगुळीत, आरशासारखी. पाय सरकला आणि ती बसल्या जागी आदळली. दादानं जीपमध्ये घालून शहरात आणलं. दवाखान्यात तिचं वय विचारलं तर दादा म्हणाला, "साठ लिहा." माय पडल्या पडल्या म्हणाली, "रझाकाराच्या साली मी मायच्या अंगावर पीत व्हते म्हणं. करा हिशोब." नर्स हसली. तिनं साठच लिहिलं.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून दाखवला. कमरेचा मणका दबला होता. ऑपरेशन नको म्हणाले, पण झोपणं सांभाळा. हे सांगताना त्यांनी आम्हा दोघां भावंडांना समोर उभं केलं होतं. "झोळ नको," ते म्हणाले. "बाज नको, पट्ट्यांचा पलंग नको. खाली सलग सपाट फळी पाहिजे आणि वर कडक गादी, चार बोटं जाडीची. मऊ नको. जमिनीवरही नको, यांना तिथून उठता येणार नाही. फळी आणि गादी दोन्ही बरोबर असेल तर उपयोग. एक असून उपयोग नाही."

"व्हय साहेब," दादा म्हणाला.

मला त्या 'व्हय साहेब'चा आवाज अजून ऐकू येतो.

गादी मी शहागंजातून घेतली. काथ्याची, कडक, अंगठ्यानं दाबली तर अंगठाच दुखेल अशी. दुकानदार जुना माणूस, आपल्याच गादीच्या चळतीवर मांडी घालून बसलेला. त्यानं विचारलं, "नीचे क्या है, आपा? पट्टी है के फळी है?"

"आत्ता पट्टी आहे. फळी टाकणार आहोत."

"टाकनेवाले अलग, टाकेला अलग," तो म्हणाला. "पट्टी पे ये रखे तो दो महिने में नाव बन जाती. फिर बोलोगे माल खराब दिया."

मी म्हणाले, मी शिकलेली बाई आहे, मला कळतं. तो म्हणाला, "आप को कळता है आपा, पलंग को कळना."

मायला मी विचारलं होतं. माझ्याकडं चल म्हणाले. माझी शाळा घरापासून जवळ, दवाखाना जवळ, ह्यांची काही ना नव्हती. मायनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तिला परदेशात न्यायला निघाले होते. "दोन दिस पाव्हणी म्हणून येते बाई, पापड करायला येते. पण लेकीच्या घरात पडून ऱ्हाऊ? तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

"सासरचे इथं राहत नाहीत."

"म्हणून काय झालं. म्हणतील की तिथून."

दादा दारात उभा होता. "मी मेलो का अजून?" एवढंच बोलला. संपलं.

मायला लासूरला न्यायला पिकअप केला. मागं गादी अंथरली, तिच्यावर मायला निजवलं, आणि मी बाजूला पत्र्यावर बसून गेले. दादाच्या दारात चार माणसांनी गादीची चार टोकं धरली आणि मायला तसंच उचलून आत नेलं. अशी ती गादी त्या घरात गेली, मायच्या पाठीखालून. हे मी नीट लिहून ठेवते, कारण पुढं कळेल की दुसऱ्या कुठल्याही वाटेनं ती गेली नसती.

मागच्या खोलीत मायसाठी वहिनीच्या लग्नातला लोखंडी पलंग ठेवला होता. वहिनीच्या वडिलांनी आंदणात दिलेला, डोक्याकडं मोराची जाळी, आणि झोपायच्या जागी सुती पट्ट्यांची वीण, जिला नवार म्हणतात. ती नवार कधीकाळी ताठ असेल. आता तिच्यावर हात ठेवला तर ती पाण्यासारखी खाली जात होती.

"माझ्या माहेरचा पलंग हाय ताई," वहिनी म्हणाली. "लई मजबूत. माझी दोन्ही बाळंतपणं त्याच्यावरच झाली."

"मजबूत आहे, वहिनी. पण झोळ आहे त्याला."

"झोळ कुठं नसतो?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दादाला मी फळीचं सांगितलं. म्हणाला, उद्याच सुतार बोलावतो.

पुढच्या वेळी ह्यांच्याबरोबर गेले तेव्हा शहागंजातल्या माणसाचं बोलणं तंतोतंत खरं ठरलं होतं. गादी मधोमध बसली होती, दोन्ही कडा वर आल्या होत्या, आणि माय त्या नावेच्या तळाशी. हनुवटी छातीला लागलेली, गुडघे वर. कूस बदलायची तर कडेचा चढ चढावा लागायचा, तो तिला चढता येत नव्हता. कडक गादीचा हा गुण आहे, की ती एकदा वाकली की मऊ गादीपेक्षा वाईट. मऊ गादी निदान अंगाबरोबर वाकते. कडक गादी अंगाला वाकवते. मी पलंगाखाली हात घातला तर नवार फरशीच्या जवळ आली होती.

"बरं हाय," माय म्हणाली. वहिनी तिथंच होती. "पाळण्यात निजल्यावानी वाटायलंय."

वहिनी बाहेर गेली तशी मायनं माझा हात धरला. "लई दुखायलंय बाई. उलथायला येईना. पण बोलू नको काही." मग तिनं गादीच्या कडेवर तळहातानं थाप मारली. आवाजच आला नाही. "बोलंना ही," ती म्हणाली आणि हसली.

मी परसात गेले, जुन्या घराच्या दाराच्या दोन फळ्या तिथं पडल्या होत्या त्या पुसल्या, आणि ह्यांनी आणि मी मिळून गादीखाली सरकवल्या. माय थोडी सरळ झाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन केला तर कळलं, फळ्या काढल्या. वहिनी म्हणाली, "मायला टोचायल्या होत्या ताई. विचारा त्यांनाच." फोन मायला दिला. माय म्हणाली, "व्हय, टोचायल्या होत्या." तिला त्या घरात राहायचं होतं. मी कोण होते. महिन्यातून एकदा येणारी पाहुणी.

मी दादाला गाठायला थेट दुकानात गेले. रविवार होता, बाजाराचा दिवस. दुकानाच्या दारात भुशाचा ढीग आणि रंध्याचा आवाज. सुतार आला होता. सागाच्या रुंद फळ्या एकावर एक टेकवून ठेवलेल्या, तासून गुळगुळीत केलेल्या. दादा तात्पुरता खुर्चीवर बसला होता, कारण जुना तक्तपोस मोडला होता आणि नवा होत होता.

"गादी खचायली होती," दादा म्हणाला. "बसलं की एका अंगाला कलायचं. पार्ट्या येतात, इज्जतीचं काम हाय."

मी म्हणाले, "माय पण खचायली, दादा."

खाली सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी माना खाली घातल्या. एकजण तंबाखू मळत होता, तो थांबला. दादाचा मुनीम म्हणाला, "बाई शाळेत बी असंच बोलत्यात का?" आणि दोघं-तिघं हसले. दादाही हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "घरचं घरी बोलू."

"घरी तू नसतोस. यातली एक फळी उरेल ना? तेवढी दे. पलंगावर टाकते."

"उरलेल्या फळीवर मायला निजवू का?" दादाचा आवाज चढला. चार माणसं ऐकत होती म्हणून चढला. "करायचं तर चांगलं सागाचं करीन तिला. दिवाळी होऊ दे. सीजन होऊ दे."

तो खोटं बोलत नव्हता. ही त्याची तऱ्हा होती. एक साधी फळी त्याला कमीपणाची वाटत होती. मोठं करता येईल तेव्हा करू, आणि मोठं करता येईपर्यंत काहीच नको. अशा माणसाशी भांडता येत नाही, कारण तो नाही म्हणतच नाही.

मग मी मुकुंदवाडीच्या एका सुताराकडून पलंग करून घेतला. माझ्या पगारातून. गादीचं माप माझ्याकडं होतंच. साधं लाकूड, डोक्याकडं नक्षी नाही, मोर नाही, पण खाली सलग फळी, मध्ये फट नाही, उंची अशी की मायचे पाय जमिनीला टेकतील आणि उठताना कमरेला हिसका बसणार नाही. घ्यायला गेले तेव्हा मी त्या फळीवर थाप मारली. खणखणीत बोलली. सुतार बघत राहिला. त्याला वाटलं, बाई लाकूड पोकळ आहे का बघतीय.

टेम्पोत घालून तो पलंग लासूरला नेला. हे बरोबर होते. घराच्या ओट्यावर दादा दोन व्यापाऱ्यांबरोबर चहा घेत बसला होता. टेम्पो थांबला, ह्यांनी दोऱ्या सोडायला घेतल्या, तसा दादा उठला.

"काय हाय दाजी हे?"

"मायचा पलंग," मी म्हणाले. "गादीच्या मापाचा आहे. जुना पलंग माडीवर नेऊन ठेवू, वहिनीच्या माहेरचा आहे तो, त्याला काही होणार नाही. हा आत घेऊ."

"बहिणीचं घेत नसतात," दादा म्हणाला.

आमच्याकडं हा रिवाज आहे. भावानं बहिणीला द्यायचं, बहिणीकडून घ्यायचं नाही. साडी द्यायची, राखीची ओवाळणी द्यायची, तिच्या लेकरांच्या लग्नात आहेर करायचा. तिचं घेतलं तर भाऊ खाली आला. मला रिवाज ठाऊक होता. पण मी म्हणाले, "तुला कुठं देतेय? मायला देतेय."

"माय कुणाच्या घरात हाय?"

"तुझ्या."

"मंग. उद्या मार्केटात म्हणतील, यानं दुकानाला सागाचा तक्तपोस केला आन् मायला पलंग बहिणीनं पाठवला. तुला तेच पायजे का?"

मला ते पाहिजे नव्हतं. पण ते खरं होतं, आणि त्याला ठाऊक होतं की खरं आहे. म्हणून तर पलंग आत जाऊ शकत नव्हता.

"दाजी, बांधा परत," तो ह्यांना म्हणाला. जावयाला म्हणाला म्हणून आवाज मऊ होता. "चहा घ्या आन् निघा. राग मानू नका. मी करणार हाय तिला."

मी आत गेले. मायनं सगळं ऐकलं होतं. मागच्या खोलीची खिडकी ओट्याकडंच उघडत होती.

"माय, असं करू. पलंग येत नाही तर तूच चल. गादीसकट नेते तुला, जशी आणली तशी. पलंग बाहेरच उभा आहे."

माय छताकडं बघत होती. त्या नावेतून छताशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. "पोराच्या दारातून मला आता चौघांनीच काढायचं," ती म्हणाली. "नेऊ दे पलंग परत. तुझ्याकडं ठिव. चांगला झालाय ना?"

"चांगला झालाय."

"बोलतो का?"

"बोलतो."

"मंग झालं," ती म्हणाली.

तो पलंग पुंडलिकनगरला परत आला आणि मागच्या खोलीत उभा राहिला, नुसत्या फळीचा. गादी लासूरला, पलंग पुंडलिकनगरला. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, हा असा का ठेवलाय, गादी घाल की एखादी. मी म्हणायची, याची गादी गावाकडं आहे. एखाद्या माणसाचं सांगावं तसं.

दिवाळी झाली. सीजनही झाला, आणि चांगला झाला म्हणे. मायच्या अंगाखाली जखमा झाल्या. मग खोकला सुरू झाला. पाठ सरळ होत नव्हती, छाती मोकळी होत नव्हती. मणक्यानं माणूस मरत नाही असं डॉक्टर सांगतात. बरोबर आहे. वाकून पडल्या पडल्या छाती भरत गेली आणि माय त्या छातीनं गेली. मी पोचले तेव्हा तिला खाली घेतलं होतं. फरशीवर, घोंगडीवर, दक्षिणेकडं पाय करून. सरळ, सपाट. कित्येक महिन्यांनी तिची हनुवटी छातीपासून सुटलेली पाहिली. बायका रडत होत्या, आणि मी बघत होते की तिची पाठ जमिनीला पुरी टेकलीय.

तिची गादी त्यांनी रिवाजाप्रमाणं बाहेर टाकली. उकिरड्यापलीकडं. राखेच्या दिवशी तिकडून जाताना दिसली. मोकळ्या जमिनीवर पडली होती तरी मधला झोळ गेला नव्हता. एक कुत्रं त्यात अंग मुडपून झोपलं होतं. त्याला माप बरोबर बसलं होतं.

तेराव्याला शेजदान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर झोपायला काही असावं म्हणून पलंग, गादी, उशी, छत्री, काठी, वहाणा, पाण्याचा तांब्या असं सगळं नवं आणून दान करतात. आमच्या भावकीत ते जावयाला देतात. म्हणजे ह्यांना. मला ते ठाऊक होतं, पण दादा काय करणार हे ठाऊक नव्हतं.

मांडवाच्या मधोमध त्यानं पलंग मांडला होता. सागाचा. पॉलिश केलेला, उन्हात चमकत होता. लोक हात लावून बघत होते. "मायसाठी काय पलंग केला," असं एकजण दुसऱ्याला सांगत होता, "पोरगं असावं तर असं." मी पुढं गेले. गादीचा कोपरा वर उचलला. खाली सलग फळी होती. मध्ये फट नव्हती. गादी काथ्याची होती, कडक, चार बोटं जाडीची. पलंगाची उंची बुटक्या बाईचे पाय जमिनीला टेकतील एवढी होती. ह्यांची उंची पावणेसहा फूट. तो पलंग ह्यांच्यासाठी केलेला नव्हताच.

मी फळीवर थाप मारली. बोलली.

वहिनी शेजारी उभी होती. "मजबूत हाय ना ताई?"

"हो," मी म्हणाले. "मायला पाहिजे होता तसाच आहे."

दादा मुंडण केलेल्या डोक्यावरचा टॉवेल सारखा करत पुढं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मला सांगायलाच पाहिजे. "तू सांगितलं तसाच केला," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं तसाच. खाली फळी, वर कडक गादी, झोळ नको. माझ्या सगळं ध्यानात व्हतं."

मला इतके महिने वाटत होतं की त्याला कळलं नाही. अडाणी आहे, धंद्यात बुडालेला आहे, बायकोचं ऐकतो, म्हणून झालं नाही. त्या समजुतीवर मी त्याला थोडी माफी देऊन ठेवली होती. ती त्या दिवशी मांडवात संपली. त्यानं प्रत्येक शब्द ऐकला होता आणि जपून ठेवला होता, चांगल्या प्रसंगासाठी.

भटजींनी ह्यांना पलंगावर बसायला सांगितलं. हे माझ्याकडं बघत होते. मी मानेनं हो म्हणाले. नाही म्हणून काय करणार होते. माय वाटेवर उभी राहिली असती.

मुकुंदवाडीच्या पलंगावर मी झोपते. खाली मायची एक वाकळ, गादी नाही. त्याची गादी लासूरला गेली ती गेली, दुसरी मी आणली नाही. सागाचा पलंग पुढच्या खोलीत आहे, पाहुण्यांसाठी.

परवाच्या भाऊबीजेला दादा आला होता. आता त्याचीही पाठ दुखते. जन्मभर गादीवर बसून एका अंगाला कलायची सवय. जेवण झालं आणि तो म्हणाला, जरा पडतो. मी काही बोलायच्या आत तो सागाच्या पलंगावर आडवा झाला. दिलेल्या दानावर देणाऱ्यानं झोपू नये म्हणतात, त्याला त्याची आठवण राहिली नसावी. घोरायला लागला. उताणा, सरळ, हनुवटी छातीपासून सुटलेली. त्याची झोपण्याची ढब मायसारखी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्याबद्दलही मला त्याचा राग आला.

चहाच्या वेळेला उठला. कमरेवर हात ठेवून इकडं तिकडं वळून बघितलं.

"लई दिसांनी अशी झोप लागली बघ," तो म्हणाला. "कंबर मोकळी झाली. मला बी असाच एक करायला पायजे."

"कर," मी म्हणाले. "जिवंत आहेस तोवर कर."

त्याला वाटलं मी चेष्टा केली. हसला, आणि ओवाळणीची साडी पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवली. घ्यावी लागली. भावाचं घ्यायचं असतं.